फाटकापर्यंतचं अंतर

१९६३च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे शिक्षणमंत्री सर एडवर्ड बॉइल पश्चिम लंडनमधल्या साउथॉलला एका पालकसभेसाठी गेले. सभेचा विषय होता बीकन्सफील्ड रोडवरची प्राथमिक शाळा. साधी सरकारी शाळा. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, आजूबाजूच्या गल्ल्यांतली मुलं चालत येणारी. सभेला सुमारे चारशे गोरे पालक जमले होते. त्यांचं म्हणणं असं, की शाळेच्या पटावर निम्म्याहून अधिक मुलं आता बाहेरून आलेल्यांची आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही, शिक्षकांचा सारा वेळ त्यांच्यापायी खर्च होतो आणि आमची मुलं मागे पडतात. मागणीही स्पष्ट होती: त्यांचे वर्ग वेगळे करा. बॉइल उदारमतवादी होते. वेगळे वर्ग त्यांनी साफ नाकारले. पण पालकांची समजूत घालण्यासाठी काहीतरी देणं भाग होतं, तेव्हा त्यांनी एक प्रमाण पुढे केलं. कुठल्याही शाळेत स्थलांतरितांची मुलं साधारण एक तृतीयांशाच्या वर जाऊ नयेत. जास्तीची मुलं इतर शाळांत विभागून द्यावीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी संसदेतही हेच सांगितलं. पुढची जवळपास अठरा वर्षं साउथॉलच्या हजारो मुलांचं बालपण या एका वाक्याने ठरवलं.

हा इतिहास सहसा वंशद्वेषाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण त्यात आणखी एक धागा आहे. तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो आणि आज इंग्लंडमध्ये मुलं वाढवणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो लागू पडतो. गावातल्या, वस्तीतल्या सरकारी शाळेबद्दल पालकांचं एकमत कधीच नसतं. एकाच वर्गातल्या दोन मुलांचे आईबाप एकाच बाईंबद्दल टोकाची उलट मतं देतात. एकाला शिस्त कमी वाटते, दुसऱ्याला जाच वाटतो. एकाचं मूल उमलतं, दुसऱ्याचं कोमेजतं. ही मतभिन्नता म्हणजे शाळेचा दोष आहे असं धरून चालण्याची आपली सवय आहे. साउथॉलचा इतिहास मला उलट सांगतो. तक्रार करणारे, भांडणारे, कौतुक करणारे असे सगळे पालक शाळेच्या फाटकापर्यंत पोचू शकतात, तोवर ती शाळा सुधारण्याची शक्यता शिल्लक असते. काही पालकांना त्या फाटकापासून दूर ठेवलं, की त्यांच्या मुलांचं काय होतं याची खबरही कुणाला राहत नाही.

साउथॉलमध्ये पंजाबी माणसं आली ती कामासाठी. शेजारच्या हेजमध्ये वुल्फ यांचा रबराचा कारखाना होता, आसपास इतर कारखाने होते, हीथ्रो विमानतळ वाढत होता. रबराच्या भट्टीपुढचं पाळीचं काम गोऱ्या कामगारांना नको असे. ते या नव्या माणसांनी केलं. आधी एकटे पुरुष आले, खोलीत दाटीवाटीने राहिले, १९५७मध्ये त्यांनी इंडियन वर्कर्स असोसिएशनची साउथॉल शाखा उभी केली. १९६२च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येण्यावर बंधनं घातली, तेव्हा दार बंद होण्याआधी बायकामुलांना बोलावून घेण्याची घाई झाली. म्हणजे शाळांत अचानक दिसू लागलेली मुलं ही काही प्रमाणात सरकारच्याच कायद्याची निष्पत्ती होती. त्याच सुमारास गोऱ्या रहिवाशांची साउथॉल रेसिडेंट्स असोसिएशन निघाली. १९६४च्या सार्वत्रिक निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या जॉन बीन या उमेदवाराला इथे सुमारे नऊ टक्के मतं पडली. जिंकण्याइतकी नाहीत, पण दोन्ही मोठ्या पक्षांना घाबरवायला पुरेशी. शाळेच्या पटाचा प्रश्न या वातावरणात मंत्र्यापर्यंत गेला, आणि मंत्री स्वतः शाळेच्या सभेला आला. एका वस्तीच्या प्राथमिक शाळेतल्या पालकांसाठी देशाचा शिक्षणमंत्री धावून येतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते पालक मतदार होते, त्यांना आपली तक्रार कुठे न्यायची हे माहीत होतं, आणि १९४४च्या शिक्षण कायद्याच्या ७६व्या कलमात पालकांच्या इच्छेचा शक्य तितका मान राखावा असं लिहिलेलंच होतं. पंजाबी आईबापांनाही तेच कलम लागू होतं. त्यांची इच्छा काय, हे विचारायला कुणी सभा भरवली नाही.

१९६५च्या जूनमध्ये शिक्षण खात्याचं ७/६५ क्रमांकाचं परिपत्रक निघालं. तोवर सरकार बदलून मजूर पक्षाचं आलं होतं, अँथनी क्रॉसलंड शिक्षणमंत्री होते, पण धोरण तेच राहिलं. परिपत्रकाने विभागणीची शिफारस केली आणि कारणही सांगितलं. स्थलांतरित नसलेल्या मुलांच्या पालकांना दिसलं पाहिजे, की अडचणीवर काही उपाय केला जातो आहे आणि त्यांच्या मुलांची प्रगती अडत नाही, असा त्याचा आशय होता. सरकारी कागदात इतका प्रामाणिक मजकूर क्वचित सापडतो. उपाय कुणासाठी केला जात होता, हे तो कागद स्वतःच सांगतो. सक्ती मात्र नव्हती. लंडनच्या मध्यभागाचा कारभार पाहणाऱ्या इनर लंडन एज्युकेशन अथॉरिटीने विभागणी नाकारली, बर्मिंगहॅमनेही नाकारली. ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, लूटन, वेस्ट ब्रॉमिच अशा काही ठिकाणांनी ती स्वीकारली. सर्वांत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली ती ईलिंगने. १९६५च्या एप्रिलमध्ये साउथॉल, ईलिंग आणि ॲक्टन मिळून हा नवा बरो, म्हणजे लंडनचा प्रशासकीय विभाग, तयार झाला होता, त्यामुळे साउथॉलची मुलं दूर पाठवायला ग्रीनफर्ड, नॉर्थोल्ट, पेरिव्हेल इथल्या शाळा आता एकाच कौन्सिलच्या हातात होत्या.

‘स्थलांतरित मूल’ म्हणजे कोण, याची खात्याने केलेली व्याख्याही पाहण्यासारखी आहे. परदेशात जन्मलेलं मूल तर त्यात होतंच. पण आईबाप देशात येऊन दहा वर्षं झाली नसतील, तर लंडनच्या इस्पितळात जन्मलेलं मूलही त्यातच मोजलं जाई. आकडे गोळा करण्याची ही पद्धत १९७३पर्यंत चालली. त्या मुलाला इंग्रजी येतं की नाही, हा प्रश्न त्या व्याख्येत कुठेच नव्हता. भाषेची अडचण हे कारण पुढे केलं होतं, आणि मोजमाप मात्र आईबाप कुठून आले याचं चाललं होतं.

व्यवहारात ही विभागणी कशी चाले? सकाळी ठरलेल्या कोपऱ्यावर मुलांनी जमायचं. त्यात पाच वर्षांची मुलंही असत. बस यायची, मुलं भरायची, काही मैलांवरच्या शाळेच्या दारात उतरवायची. शाळा सुटली की तीच बस परत. बस चुकली तर तो दिवस बुडाला, कारण सकाळच्या पाळीला गेलेल्या बापाकडे किंवा घरी धाकटं मूल सांभाळणाऱ्या आईकडे त्याला दुसऱ्या गावी पोचवण्याचं साधन नव्हतं. शाळा सुटल्यावर होणारा फुटबॉल, गाण्याचा सराव, नाटकाची तालीम यांत ही मुलं नसत. बस थांबत नसे. मधल्या सुट्टीत दुखापत झाली किंवा ताप चढला, तर घरून कुणी चालत येऊन घेऊन जाईल अशी सोय नव्हती. पालकसभेला जायचं म्हणजे दिवसभर कारखान्यात उभं राहिल्यावर संध्याकाळी दोन बस बदलून अनोळखी गावात जायचं, तिथे तोडक्या इंग्रजीत बोलायचं आणि परत यायचं. फार थोडे पालक तिथवर जात. शाळा मग नोंद करी की या पालकांना मुलांच्या शिक्षणात रस नाही. बसमधून एकत्र उतरणारी मुलं दुरूनच ओळखू येत. त्यांच्या वाट्याला शिव्या आणि मारही आला. घरी परतल्यावर गल्लीत खेळायला जे सवंगडी होते, ते वर्गात नव्हते. वर्गात जे होते, ते गल्लीत नव्हते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ईलिंगमध्ये अशा मुलांची संख्या तीन हजारांच्या जवळ गेली. आणि या सगळ्या काळात गोरं मूल एकही बसमध्ये बसलं नाही. बीकन्सफील्ड रोडची रिकामी झालेली जागा भरायला ग्रीनफर्डमधून कुणी आणलं नाही.

या चित्राला दुसरी बाजू आहे. ती दडपली तर हा लेख प्रचार होईल. बसने गेलेल्या सगळ्याच मुलांना तो अनुभव कडू वाटला नाही. पुढे मोठेपणी बोलताना काहींनी सांगितलं, की गोऱ्या मुलांच्या वर्गात बसल्यामुळे इंग्रजी लवकर आलं, चांगले शिक्षक भेटले, साउथॉलबाहेरचं जग कळलं, भीड चेपली. कित्येक आईबापांना सुरुवातीला ही योजना बरीच वाटली: मूल इंग्रजांच्या चांगल्या शाळेत जातंय, सरकार फुकट गाडी पाठवतंय, मग वाईट काय? खुद्द इंडियन वर्कर्स असोसिएशननेही आरंभी विभागणीला विरोध केला नव्हता. तिचा विरोध पुढे, अनुभवातून आला. तेव्हा ‘एका समाजाने एकमुखाने नाकारलेली योजना’ असं हिचं वर्णन करता येत नाही. पण या संमिश्र अनुभवाकडे नीट पाहिलं की एक गोष्ट दिसते. ज्यांना ती शाळा मानवली नाही, त्यांच्यापाशी पुढचा मार्ग नव्हता. जवळच्या शाळेत मूल रुळत नसेल, तर आई वर्गशिक्षिकेला रोज भेटते, शेजारणीला बरोबर घेऊन मुख्याध्यापकांकडे जाते, नाहीच जमलं तर पलीकडच्या रस्त्यावरची शाळा विचारते. ईलिंगच्या योजनेत सुखी मूल सुखाने जाई आणि दुःखी मूल गप्प राहून जाई. शाळेला फरक कळत नसे. चांगला अनुभव कुणाच्या वाट्याला येणार हे नशिबावर सोडलं होतं, आणि वाईट अनुभव दुरुस्त करण्याची सोय काढून घेतली होती. काही मुलांचं भलं झालं, यावरून योजना भली ठरत नाही ती एवढ्यासाठी.

यापेक्षा जड आक्षेप भाषेचा आहे. चाळीसएक मुलांचा वर्ग, त्यातल्या निम्म्यांना बाईंची भाषा कळत नाही, अशा वेळी बाईंनी करायचं काय? त्या चारशे पालकांतले सगळे द्वेषाने आले होते असं मी म्हणणार नाही. आपलं मूल वाचायला शिकतंय की नाही, ही काळजी खरी असते आणि ती कुठल्याही रंगाच्या आईला असते. पण भाषेची अडचण खरी असेल, तर तिचा उपाय भाषाशिक्षक हा आहे. १९६६च्या लोकल गव्हर्न्मेंट ॲक्टच्या ११व्या कलमाखाली अशा जादा शिक्षकांच्या पगारासाठी केंद्राकडून पैसा मिळू लागला. भाषेचे विशेष वर्गही काही ठिकाणी निघाले. हे सारं मुलाला बीकन्सफील्ड रोडच्या शाळेतच ठेवून करता आलं असतं. इंग्रजी न येणारं मूल सहा मैलांवर नेल्याने त्याला इंग्रजी येऊ लागत नाही; फक्त त्याला इंग्रजी येत नाही ही गोष्ट एका शाळेतल्या पालकांच्या नजरेआड होते. शिवाय इंग्रजी उत्तम येणारी, इथेच जन्मलेली मुलंही त्याच बसमध्ये होती. त्यांच्यापुरता भाषेचा मुद्दा कुणी मांडूच शकत नाही.

मराठी वाचकाला या युक्तिवादाचा सूर ओळखीचा वाटेल. १८५६च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शाळा सरकारच्या पैशाने चालणारी, नियमाने सर्वांना खुली. तरी मुंबई सरकारने प्रवेश दिला नाही. कारण सांगितलं ते असं, की एका मुलासाठी इतरांवर संबंध लादला तर बाकीचे आपली मुलं काढून घेतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना हा निर्णय पटला नाही, पण त्याने त्या मुलाला वर्गात जागा मिळाली नाही. धारवाडच्या मुलाला दाराबाहेर ठेवलं. साउथॉलच्या मुलाला दुसऱ्या दाराशी नेलं. दोन्हींतली क्रूरता सारखी नाही, आणि मी ती सारखी मानत नाही. पण तर्काची मांडणी एकच आहे: आधीपासून आत असलेल्या पालकांची नाराजी ही सरकारची अडचण, आणि त्या अडचणीची किंमत मोजायची नव्याने येणाऱ्या मुलाने. या तर्काला उत्तर देता येतं, हे आपल्याकडेच दिसून आलं. १९१९ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वसाधारण सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. नाराज पालक तिथेही होते. हुकूम त्यांच्या नाराजीचं माप घेऊन निघाला नाही.

पालकांची तक्रार ऐकली जाण्याची ताकद ब्रिटनमध्ये केवढी होती, हे याच काळातल्या दुसऱ्या एका शाळेवरून कळतं. उत्तर लंडनमधल्या इझलिंग्टनच्या विल्यम टिंडेल प्राथमिक शाळेत १९७४च्या जानेवारीत टेरी एलिस मुख्याध्यापक झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना काय शिकायचं ते निवडण्याची मोठी मोकळीक दिली. काही पालकांना ते आवडलं. पुष्कळांना नाही, मुलं वाचायला-लिहायला शिकत नाहीत, शिस्त उरली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात कामगारवर्गातले पालकही होते. त्यांनी मुलं काढून घ्यायला सुरुवात केली, पट झपाट्याने घसरला, व्यवस्थापक मंडळ आणि शिक्षक आमनेसामने आले, वर्तमानपत्रं तुटून पडली. रॉबिन ऑल्ड या वकिलाच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली आणि १९७६च्या जुलैमध्ये अहवाल आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात भाषण करून शाळांत काय शिकवलं जातं हा राष्ट्राच्या चर्चेचा विषय केला. १९७७च्या टेलर समितीने शाळेच्या व्यवस्थापनात पालकांना बरोबरीची जागा द्यावी अशी शिफारस केली, आणि १९८०च्या शिक्षण कायद्याने पालकांचे निवडून आलेले प्रतिनिधी गव्हर्नर मंडळावर आणले. एका वस्तीच्या शाळेतल्या नाराजीतून देशाचं शैक्षणिक धोरण वळतं, ही साखळी थक्क करणारी आहे. तिचं पहिलं कडं एवढंच, की इझलिंग्टनमधल्या आया रोज दुपारी शाळेच्या फाटकापाशी उभ्या असत आणि एकमेकींशी बोलत. त्याच वर्षांत साउथॉलमधल्या आया बसथांब्यावर उभ्या होत्या. थांब्यावर भेटायला मुख्याध्यापक येत नाहीत.

तरी साउथॉलमधला असंतोष साचत गेला. १९६८च्या वंशसंबंध कायद्याने सेवासुविधा देताना वंशावरून भेदभाव करणं बेकायदा ठरवलं होतं. कुणाला वंशावरून वेगळं काढणं हीच कमी प्रतीची वागणूक, असंही त्यात म्हटलं होतं. रेस रिलेशन्स बोर्डाकडे ईलिंगविरुद्ध तक्रारी गेल्या. बोर्डासाठी प्राध्यापक मॉरिस कोगन यांनी विभागणीचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९७५चा आहे. बोर्डाने कौन्सिलला कोर्टात खेचलं, आणि अखेर कौन्सिलने विभागणी टप्प्याटप्प्याने बंद करायचं मान्य केलं. १९८१च्या सुमारास ती संपली. इतका वेळ का लागला, याचं एक कारण अगदी रोकडं होतं. मुलं बाहेर पाठवायची सोय असल्यामुळे साउथॉलमध्ये पुरेशा शाळा बांधल्याच गेल्या नव्हत्या. मुलांना परत आणायचं तर बसवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. विभागणीवर होणाऱ्या चर्चेत हा मुद्दा मागे पडतो, पण माझ्या मते नुकसानाचा तोच सर्वांत टिकाऊ भाग होता. ज्या वस्तीतल्या पालकांना शाळा मागता येत नाही, तिथे शाळा बांधली जात नाही.

ब्रॅडफर्डमध्ये विभागणी १९८०मध्ये थांबली. चार-पाच वर्षांतच तिथल्या ड्रमंड मिडल स्कूलचं प्रकरण देशभर गाजलं. मुख्याध्यापक रे हनीफर्ड यांनी ‘सॅलिस्बरी रिव्ह्यू’ या उजव्या विचारांच्या नियतकालिकात बहुसांस्कृतिक शिक्षणावर आणि आशियाई पालकांच्या रीतींवर टीका करणारे लेख लिहिले. शाळेतली बहुसंख्य मुलं आशियाई होती. पालकांनी कृती समिती काढली, फाटकावर निदर्शनं केली, मुलं घरी ठेवली. दुसरीकडे हनीफर्ड चांगले शिक्षक आहेत, असं म्हणणारे पालकही होते, आशियाई पालकही. प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९८५च्या अखेरीस हनीफर्ड मुदतपूर्व निवृत्ती घेऊन गेले. या भांडणात कोण किती बरोबर होतं यावर आजही वाद होतो. माझा मुद्दा वेगळा आहे. दहा वर्षांपूर्वी हे भांडण होऊच शकलं नसतं, कारण त्या पालकांची मुलं गावभर विखुरलेली होती. आता शाळा घराजवळ होती, म्हणून बाजूचे आणि विरोधातले दोन्ही पालक तिथे उभे राहू शकले. कटू झालं, पण आपल्या मुलांच्या शाळेबद्दल त्यांना बोलता आलं.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. विभागणी बंद झाली आणि शाळा वस्तीप्रमाणे भरत गेल्या. काही शाळांत जवळपास सगळी मुलं एकाच समाजाची झाली. २००१मध्ये ओल्डम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्यावर टेड कँटल यांच्या अहवालाने निदान केलं, की हे समाज एकमेकांना न भेटता समांतर आयुष्यं जगत आहेत, आणि त्यात शाळांचाही वाटा आहे. मग बॉइल यांचंच बरोबर नव्हतं का? मला तसं वाटत नाही. ब्रॅडफर्डमध्ये पंधरा वर्षं मुलं बसने नेली होती, तरी ते शहर २००१च्या यादीत आहे. एकाच बाजूच्या मुलांना उचलून नेल्याने मेळ बसत नाही, हे त्या शहरानेच दाखवलं. मुलं एकत्र यावीत ही इच्छा योग्यच आहे. पण ती खरी असती, तर गाडी दोन्ही दिशांनी धावली असती. आणि एका समाजाची मुलं जास्त असली की शाळा खालावते, हे गृहीतही टिकलं नाही. पूर्व लंडनमधलं टॉवर हॅमलेट्स हे विभागणी नाकारणाऱ्या इनर लंडनच्या कारभारात होतं. तिथल्या शाळा बांगलादेशी मुलांनी भरल्या. ऐंशीच्या दशकात तर शेकडो मुलांना शाळेत जागाच नव्हती, आणि १९९७मध्ये देशातल्या १४९ शिक्षण प्राधिकरणांत हा बरो शेवटचा, १४९वा होता. कुणालाही वाटावं, की याचं कारण मुलंच. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पैसा आला, चांगले मुख्याध्यापक टिकवले गेले, सिल्हेटी बोलणारी माणसं शाळा आणि घर यांच्यामध्ये नेमली गेली, मशिदींशी बोलणी झाली, पालकांना शाळेत बोलावलं गेलं, आणि त्याच वस्तीतल्या त्याच घरांतली मुलं राष्ट्रीय सरासरीच्या पुढे गेली. त्यासाठी मुलं दुसऱ्या बरोंत विभागून द्यावी लागली नाहीत.

साठ-सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये आलेली मराठी कुटुंबं बहुतेक डॉक्टरांची आणि इंजिनियरांची होती. ती गावोगाव एकेकटी विखुरली, त्यामुळे कुठल्याही शाळेच्या एक तृतीयांशाच्या हिशेबात ती सहसा आलीच नाहीत. आज हाउन्स्लो, हॅरो, स्लाव, रेडिंग इथे मराठी घरांचे पुंजके तयार झाले आहेत, आणि घर घेताना पहिला प्रश्न शाळेचाच असतो. इंग्लंडमधल्या बहुतेक प्राथमिक शाळांत मागणी जागांपेक्षा जास्त झाली, की भावंडांनंतर घरापासून शाळेपर्यंतचं अंतर मोजलं जातं, पुष्कळदा सरळ रेषेत, मीटरमध्ये. साउथॉलच्या मुलांसाठी ज्या अंतराला काहीच किंमत नव्हती, तेच आता प्रवेश ठरवतं. त्यातून नवा अन्याय जन्मला आहे, हे मान्य केलं पाहिजे: नावाजलेल्या शाळेच्या आसपासची घरं महाग होतात आणि जवळीक विकत घेतली जाते. म्हणून अंतराचा नियमच काढून चिठ्ठ्या टाकाव्यात असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचा हेतू चांगला आहे. मला मात्र त्या उपायाची भीती वाटते. चिठ्ठीने दूरची शाळा मिळालेल्या मुलांत गाडी नसलेल्या, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, इंग्रजीत बिचकणाऱ्या आईबापांची मुलंही असणार, आणि त्यांच्यासाठी ते अंतर पुन्हा तितकंच लांब होणार. शाळातपासणी करणारी ऑफस्टेड संस्था शाळेला एकाच शब्दात जोखत असे. सरकारी शाळांसाठी ती पद्धत २०२४च्या सप्टेंबरपासून बंद झाली. आता घर बघायला निघालेल्या कुटुंबाला अहवाल पूर्ण वाचावा लागेल, शेजाऱ्यांना विचारावं लागेल, आणि मुलाचं नाव घालण्याआधी शाळेत जाऊन उभं राहावं लागेल. शेजारी पाच जण पाच गोष्टी सांगतील. जवळच्या शाळेला चांगलं म्हणणारे आणि नावं ठेवणारे असे दोन्ही पालक भेटत असतील, तर त्या शाळेवर फुली मारून पोस्टकोड बदलण्याआधी मराठी आईबापांनी तिच्या गव्हर्नर मंडळाची पुढची निवडणूक कधी आहे, हे जरूर विचारावं.